बिडाचा तवा: गंजलेला सोडवणं, नवा मुरवणं आणि रोजचा सांभाळ

ऑगस्ट २०१६ मध्ये नाशिकला गोदावरीला पूर आला तेव्हा नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली गेली, आणि सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल या भागात घराघरांत पाणी शिरलं. आमचं जुनं घर त्याच भागातलं. पाणी ओसरल्यावर स्वयंपाकघरातला गाळ उपसताना आजीचा बिडाचा तवा चौथ्या दिवशी हाती लागला. नळाखाली धुतला आणि बाकीच्या आवराआवरीत भिंतीला टेकून उभा करून ठेवला. आठवड्याने बघते तर तवा विटकरी झालेला, हात लावला की बोटांना भुकटी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, भंगारवाल्याला दे आता." दिला नाही. आज तोच तवा माझ्या ओट्यावर आहे आणि त्यावरून घावन नुसत्या उलथन्याच्या टोकाने सुटून येतं.

तो सोडवताना आणि नंतर दोन नवे तवे, एक कढई, एक आप्पेपात्र वापरात आणताना जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. बिडाची बहुतेक भांडी दोन कारणांनी बिघडतात: धुतल्यावर ओली राहतात, आणि काळजीपोटी त्यांना फार तेल चोपडलं जातं. पहिलं कारण सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्याकडे लक्ष जात नाही, म्हणून त्यावर जरा जास्त बोलणार आहे.

बीड आणि लोखंड, दोन्ही वेगळी

दुकानात "लोखंडी तवा" म्हणून दोन्ही दाखवतात, पण पत्र्याचा लोखंडी तवा वेगळा आणि बिडाचा वेगळा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. या कार्बनमुळे ते १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि वाळूच्या साच्यात ओतता येतं. साध्या पोलादाला त्यासाठी १५०० अंशांच्या जवळ जावं लागतं. पण त्याच कार्बनमुळे बीड ठिसूळ होतं. पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, बिडाचा पडला तर तुकडा निघतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. बीड उष्णता चांगली वाहून नेतं हा गैरसमज आहे. ॲल्युमिनियमच्या तुलनेत ते जेमतेम चौथाई वेगाने उष्णता पसरवतं. मात्र जाड आणि जड असल्यामुळे एकदा तापलं की ताप धरून ठेवतं. गार पीठ ओतलं तरी तवा लगेच थंड पडत नाही, म्हणून धिरड्याला जाळी पडते. तवा सावकाश तापवायचा तो याच स्वभावामुळे.

भांडी बाजारात घ्यायला गेलात तर तवा पाठीमागून बघा. बिडाच्या तव्याची पाठ थोडी रवाळ असते, कान किंवा दांडा अंगाचाच असतो, रिव्हेट मारलेला नसतो. कानात बोट घालून तवा लोंबता धरा आणि लाकडी चमच्याने हलकेच वाजवा. मडकं घेताना आपण वाजवून बघतो तसंच. तडा असेल तर आवाज बसका, खरखरीत येतो. पोटात खड्डे, काठाला टोकदार चरे असले तर दुसरा मागा. काळ्या रंगासारखा चकचकीत लेप नखाने खरवडून निघत असेल तर तो तवा मी घेत नाही, कितीही स्वस्त असो. आणि उचलून बघाच. तुम्हाला एका हाताने उचलवत नसेल तर तो रोज वापरला जाणार नाही, आणि न वापरलेलं बीड गंजतं.

गंज काढणं

जुना किंवा माळ्यावर विसरलेला तवा असेल तर सुरुवात इथून. नवा असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

आधी कोरडंच घासा. तारेची घासणी घ्या आणि सैल गंज वर्तमानपत्रावर झाडून टाका. सुरुवातीलाच पाणी घातलं की भुकटीचा चिखल होतो आणि खाली किती गंज आहे ते दिसत नाही. मग साबण आणि गरम पाणी घेऊन पुन्हा तारेने घासा. पुष्कळ तवे एवढ्यावरच करडे, स्वच्छ होतात.

माझा झाला नाही. खड्ड्यांत गंज बसला होता. तेव्हा पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी असं मिश्रण परातीत करून तवा पूर्ण बुडवला. इथे घड्याळाकडे लक्ष हवं. दर पंधरा मिनिटांनी काढून घासून बघायचं, आणि अर्ध्या तासात बहुतेक काम होतं. रात्रभर भिजत ठेवू नका. गंज संपला की आम्ल खालच्या चांगल्या लोखंडाकडे वळतं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. चिंचेच्या कोळानेही गंज सुटतो, आजी तेच करायची. फक्त चिंचेला वेळ जास्त लागतो आणि घासावंही जास्त लागतं.

बाहेर काढल्यावर पाण्याने धुवा, चमचाभर खायचा सोडा चोळून पुन्हा धुवा म्हणजे उरलेलं आम्ल मरेल. आणि आता घाई करा. उघडं पडलेलं बीड ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत, पाच-दहा मिनिटांत, पुन्हा पिवळट होऊ लागतं. फडक्याने पुसायचं आणि तसंच मंद गॅसवर ठेवायचं. पहिल्यांदा मी पुसून फोन घ्यायला गेले, परत आले तोवर तव्यावर तांबूस झाक. सगळं पुन्हा घासलं.

जुन्या तव्याच्या बाहेरून जो जाड काळा थर असतो तो गंज नव्हे, वर्षानुवर्षं जळलेलं तेल आहे. पोट चांगलं असेल तर तो खरवडण्याच्या मागे लागू नका. काही जण असा तवा सरळ चुलीच्या आरात किंवा होळीत टाकतात. थर जळतो हे खरं, पण बीड एका बाजूने लालबुंद आणि दुसऱ्या बाजूने गार असं तापलं की वाकतं किंवा तडकतं. कॉस्टिक सोड्याचे प्रयोगही घरात करू नयेत, हातांना आणि डोळ्यांना इजा होते.

तडा गेलेला तवा मात्र वाचत नाही. वेल्डिंग करून आणलेला तवा स्वयंपाकाच्या तापात पुन्हा तिथेच उघडतो.

मुरवणं: पितळेला कल्हई, बिडाला तेल

पितळेच्या पातेल्याला कल्हई लागते तसं बिडाला तेलाचं पुट लागतं. फरक इतकाच की कल्हईवाल्याची वाट बघावी लागत नाही. तेल पातळ थरात तापलं की त्याचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांत गुंफले जातात आणि कडक, काळा, तुकतुकीत लेप तयार होतो. तो मग तेल उरत नाही. कढईच्या बाहेरच्या कडांवर जी न निघणारी तांबूस चिकटी बसते तीही याच जातीची, फक्त अर्धवट झालेली.

त्यासाठी असंपृक्त मेदाची तेलं चांगली. करडईचं उत्तम, सूर्यफूल आणि सोयाबीन चांगली, शेंगदाण्याचं चालतं. रिफाइंड घ्या, घाण्याचं तेल कमी तापाला धुरावतं. खोबरेल आणि तूप यांत संपृक्त मेद जास्त, त्यामुळे ती नीट सुकत नाहीत, चिकट राहतात. जवसाच्या तेलाची शिफारस पुष्कळ ठिकाणी वाचाल. त्याचा लेप दिसतो देखणा आणि कडक, पण रोजच्या उलथन्याखाली त्याच्या पापड्या सुटतात. माझ्या कढईच्या सुटल्या. मी करडईवर थांबले.

आता कृती. नवा तवा असेल तर कारखान्यातलं तेल किंवा मेण निघण्यासाठी गरम पाणी आणि साबणाने दोनदा घासा. मंद गॅसवर पाच मिनिटं तापवून पूर्ण कोरडा करा. हात लावता येईल इतपत निवला की अर्धा चमचा तेल घ्या. हो, दहा इंची तव्याला अर्धा चमचा पुरतो. पोट, पाठ, कान, काठ सगळीकडे चोळा. मग दुसरं कोरडं सुती फडकं घ्या आणि ते तेल चुकून लागलं होतं असं समजून सगळं पुसून काढा. तवा कोरडा दिसायला हवा. पुसूनही जे उरतं तेवढंच हवं असतं. इथेच बहुतेक जण चुकतात. दिसणारं तेल तसंच तापवलं तर ते ओघळून थेंब धरतं, वरून सुकतं आणि आतून चिकट राहतं. मग तव्याला कायमचा चिकटपणा येतो आणि आपल्याला वाटतं अजून तेल हवं.

ओटीजी (विजेची छोटी भट्टी) असेल तर तवा उपडा ठेवा, खालच्या ट्रेवर फॉइल घाला, २३० अंशांवर एक तास ठेवा आणि आतच गार होऊ द्या. पंखा, खिडक्या सुरू-उघड्या ठेवा, धूर होतो. असं तीन-चार वेळा. एका दिवसात करायची घाई नको, रोज एक पुट दिलं तरी चालतं.

ओटीजी नसेल तर गॅसवरही छान होतं, थोडं लक्ष द्यावं लागतं इतकंच. बर्नरची ज्योत मधल्या भागालाच लागते म्हणून तव्याचा मधला भाग लवकर काळा होतो आणि कड तांबूस राहते. मध्यम आचेवर ठेवा, हलका धूर यायला लागला की सांडशीने तवा थोडा सरकवा, म्हणजे काठाचा एक भाग ज्योतीवर येईल. दोन मिनिटांनी पुन्हा फिरवा. असं सगळीकडून धूर येऊन थांबेपर्यंत, साधारण पंधरा मिनिटं. गार होऊ द्या, पुन्हा तसंच. पाच पुटं दिलीत तर सुरुवातीला पुरे. रंग काळा झाला नाही म्हणून घाबरू नका, पहिल्या दोन पुटांनंतर तवा तपकिरी दिसतो.

आता आपल्याकडच्या कांद्याचं काम. जाड कांदा अर्धा कापून काट्याला टोचा, कापलेली बाजू चमचाभर तेलात बुडवून तापलेल्या तव्यावर फिरवत राहा, कांदा काळपट होईपर्यंत. फडक्याने हात भाजतो तिथे कांदा पोचतो आणि तेलाचा थरही आपोआप पातळ बसतो. नवा तवा असेल तर मी दुसरा अर्धा कांदा चिरून, मुठभर मीठ टाकून, दहा मिनिटं तव्यावर परततेसुद्धा आणि तो टाकून देते. धातूचा वास त्यात निघून जातो.

पहिले पंधरा दिवस काय करायचं

नव्या तव्यावर पहिल्याच दिवशी घावन घालू नका. तांदळाचं पातळ पीठ कच्च्या पुटाला घट्ट धरून बसतं, खरवडताना पुट निघतं आणि माणूस निराश होऊन तवा माळ्यावर टाकतो. आधी भाजणीचं थालीपीठ. जाड, तेल जास्त, झाकण ठेवून मंद आचेवर. मग कांद्याची भाजी, भेंडी, बटाट्याचे काप, कढई असेल तर पुऱ्या आणि भजी. तळण्याइतकं चांगलं मुरवणं दुसरं नाही. आठ-दहा थालीपिठांनंतर धिरडं, मग आंबोळी, आणि सगळ्यात शेवटी घावन. आप्पेपात्राचंही तसंच, पहिले दोन-तीन घाणे तेल सढळ घालून.

बाजरीच्या भाकरीबद्दल माझं मत ठाम आहे: तिच्यासाठी वेगळा तवा ठेवा. भाकरीला मोठी आच लागते, वरून पाणी फिरवलं की काठाने तव्यावर ओघळतं, आणि कोरडं पीठ जळून बसतं. तेलाचा लेप इतक्या कोरड्या तापात हळूहळू जळून जातो, मध्ये करडा डाग पडतो. भाकरीच्या तव्याला तो लेप लागतही नाही. तिला पत्र्याचा लोखंडी तवा पुरतो. तुमच्याकडे बिडाचा एकच तवा असेल तर भाकरी जरूर भाजा, पण त्यावर घावन तुटतं अशी तक्रार करू नका. पोळीचं तसं नाही, तेल लावून भाजलेली पोळी पुट राखते.

रोजचा क्रम

तवा आधी मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापवा. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, ओट्यावरचा तवा बर्फासारखा गार असतो. तेव्हा दहा मिनिटं द्या आणि थेट मोठ्या आचेवर कधीच ठेवू नका. इंडक्शनवर तर हे फारच सांभाळायचं, तिथे मधलाच भाग वेगाने तापतो. सर्वांत कमी आकड्यावरून सुरुवात करा आणि तवा काचेवर ओढू नका, उचलून ठेवा.

पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. नुसते पसरले तर अजून वेळ आहे. चर्र करून क्षणात उडाले तर धिरड्याला योग्य. मोत्यासारखे गोल होऊन पळायला लागले तर तवा फार तापलाय, आच कमी करून मिनिटभर थांबा. तेल पीठ घालायच्या जरा आधी घाला. पदार्थ चिकटला असं वाटलं तर ओढू नका, खालची बाजू शेकली की तो आपणहून सुटतो. ही थांबायची सवय लागली की निम्मी चिकटण्याची तक्रार संपते.

आंबट गोष्टी बिडात शिजवत ठेवू नयेत. चिंच-गुळाची आमटी, कोकम, टोमॅटोचा रस्सा, कढी हे सगळं पुट विरघळवतं आणि पदार्थाला लोखंडी चव येते. जुन्या, मुरलेल्या कढईत परतलेल्या भाजीवर शेवटी लिंबू पिळलं तर काही होत नाही. मात्र शिजलेलं लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. वांगं, कच्चं केळं बिडात काळं पडतं. ते खराब झालेलं नसतं, त्यातल्या तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होऊन तो रंग येतो.

बिडात शिजवल्याने अन्नात थोडं लोह उतरतं हे खरं आहे, आणि आंबट, रसदार पदार्थांत जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, त्यामुळे या गोष्टीचं महत्त्व मला वाटतं. पण मुरलेल्या तव्यातून लोह कमीच येतं, तवा म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्याच्या भरवशावर बंद करू नका. आणि घरात कुणाला शरीरात लोह साठण्याचा विकार किंवा थॅलेसेमिया असेल तर बिडाची भांडी वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

धुणं. तापलेला तवा नळाखाली धरू नका. तडकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. कोमट झाला की कोमट पाणी आणि नारळाचा काथ्या. काही चिकटलं असेल तर चमचाभर जाडं मीठ आणि थोडं तेल घालून फडक्याने घासा, किंवा पेलाभर पाणी घालून उकळी आणा आणि लाकडी उलथन्याने सोडवा. साबण अजिबात लावायचा नाही हे जुन्या काळच्या कडक, सोडा जास्त असलेल्या साबणांसाठी ठीक होतं. आजच्या भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब मुरलेल्या लेपाला काही करत नाहीत. मासे किंवा अंडी केली असतील तर मी खुशाल लावते. राख, चिंच, तारेची घासणी आणि भांड्यांची वडी मात्र नको.

घरी भांडी घासायला मावशी येत असतील तर तवा मोरीत ठेवूच नका. हे त्यांच्यावर अविश्वासाने सांगत नाही. दहा घरची भांडी घासणाऱ्या बाईने एका तव्यासाठी वेगळी घासणी, वेगळं पाणी लक्षात ठेवावं ही अपेक्षाच चूक आहे. जेवणं झाल्यावर तवा आपण धुवायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

धुतल्यावर पुसा आणि गॅसवर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा, पाण्याचा शेवटचा ओलावा उडेपर्यंत. कानाच्या सांध्यात आणि आप्पेपात्राच्या खळग्यांमध्ये पाणी राहतं, तिथे बघा. मग गरम असतानाच तेलाचे चार थेंब, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणं. रोज वापरात असेल तर हे तेलही दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं. कोरडं करणं मात्र एकदाही चुकवू नका.

काही बिघडलं तर

तवा चिकट लागतो आहे: तेल जास्त झालं. काहीही न लावता, मध्यम आचेवर हलका धूर येऊन थांबेपर्यंत तापवा. पोत तरीही चिकट राहिला तर मीठ-तेलाने घासून एक पातळ पुट द्या.

पापड्या सुटत असतील तर सुटणारं सगळं तारेने काढून त्या भागाला दोन पुटं द्या. सगळा तवा नव्याने करायची गरज क्वचितच पडते. मध्ये करडा डाग पडला असेल तर पंधरा दिवस भाकरी बंद, थालीपीठ सुरू. पुसल्यावर फडक्याला काळं लागतं, ती पुटाची किंवा जळलेल्या अन्नाची काजळी असते. मीठ चोळून धुतलं की कमी होते. फडक्याला तांबूस लागलं तर तो गंज, त्याच दिवशी घासून तेल लावा.

पावसाळा आणि बंद घर

नाशिकच्या पावसाळ्यात हवेतली ओल ट्रॉलीतल्या तव्यालाही पोचते. सिंकखालचं कपाट ही सगळ्यात वाईट जागा. मी जूनमध्येच तवा ओट्याच्या वर खिळ्याला टांगते, पाठ भिंतीला न लावता. कढई एकात एक ठेवत असाल तर मध्ये वर्तमानपत्राची घडी घाला. झाकण लावून बंद करू नका, आत वाफ धरते.

महिना-दोन महिने गावाला जाणार असाल तर कच्चं तेल लावून ठेवणं चुकीचं. ते खवट होतं, वास मारतं आणि धूळ धरतं. त्याऐवजी एक पातळ पुट पूर्ण तापवून, गार करून, कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आप्पेपात्र वर्षातून चार वेळाच निघत असेल तर त्यालाही हेच. आमचं आता पोळ्याच्या सुमारास निघतं, आणि काढल्यावर आधी प्रत्येक खळगा बोटाने चाचपते. खरखर लागली तर तेवढाच खळगा घासायचा, पुसायचा, तेलाचा थेंब लावून गॅसवर ठेवायचं.